सातवी सूचना

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. साधं पोस्टाचं पाकीट होतं, आत वहीचा रेघांचा कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, अक्षर वळणदार. १४ जून २०२२ ला ते मला मिळालं. त्यात एकच मागणं होतं, आणि ते पुरवायला चार ओळी आणि एक सही यापलीकडे काही लागलं नसतं. मी तीन वर्षं ते पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं. तो खंड मला फारसा लागत नाही.

मी नाशिकच्या एका ग्रंथालयात चौतीस वर्षं कारकून होतो. लोक मला गर्गे सर म्हणतात, पण मी कोणाला काही शिकवलेलं नाही. शिकवायला लागणारा आत्मविश्वास माझ्याकडे कधी नव्हता. पुस्तकं शोधून देणं, फाटलेली पानं चिकटवणं, आलेल्या माणसाने मोठ्याने हाक मारली की दचकणं, यात नोकरी संपली. निवृत्तीनंतर सोमनाथ माझ्याकडे आला. तो एक सेवाभावी संस्था चालवतो. झाडं लावणं, रक्तदान, अशी कामं. त्याला खेड्यांत वाटायला एक पत्रक हवं होतं. मे महिन्यात वादळाचे इशारे येतात, लोक घाबरून सैरावैरा पळतात, तर तेव्हा शांत कसं राहावं याच्या बारा सूचना.

"सर, तुम्ही वाचणारे. एका पानात बसवा," तो म्हणाला.

मी आयुष्यात एकही वादळ पाहिलं नव्हतं. गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. वारा सुटला की खिडकी लावून घेतो. पण हे सांगायचा संकोच वाटला. ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तिका होती, जिथे दर वर्षी मोठमोठ्या वावटळी येतात अशा देशातली. तिच्यात चित्रं होती. वारा फिरत येतोय, आणि एक कुटुंब घराच्या मधल्या खोलीत, कपाटाजवळ, डोक्यावर हात घेऊन निवांत बसलंय. त्यावरून मी बारा सूचना केल्या. सातवी अशी होती: 'वाऱ्याचा भोवरा दिसला तर बाहेर पळू नका. शांत राहा. मुलांना घराच्या सर्वांत आतल्या खोलीत, जड सामानाच्या आडोशाला बसवा.'

'आडोशाला' हा शब्द मला फार आवडला होता.

ते पत्र जिथून आलं, येवल्याच्या पलीकडच्या त्या गावात घरांवर पत्रे आहेत. गावाचं नाव लिहीत नाही. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवतात, कुठे पाट्याचा, कुठे विहिरीच्या खोदकामातून निघालेला, एकेक दहा-पंधरा किलोचा. आणि वारा फिरायला लागला की माणसं घर सोडतात व मारुतीच्या सभामंडपात जाऊन उभी राहतात. मंडपाला स्लॅब आहे. कोणी हे कुठे लिहिलेलं नाही, कोणी कोणाला शिकवत नाही. त्या गावातल्या चार वर्षांच्या मुलीलाही ते माहीत होतं. मला नव्हतं.

पत्र पाठवणारी सविता गुंजाळ तिथे अंगणवाडीत मदतनीस होती. पत्रकं तिनेच वाटली होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली होती, आणि गाव म्हणजे बहुतेक वाचून घेणारंच होतं. पुढचं तिच्याच शब्दांत देतो.

'एकोणीस मेला दुपारी वावटळ आली. नेहमीची नाही, काळी, विहिरीच्या तोंडाएवढी रुंद. सासूबाई आमच्या जावेच्या सृष्टीला घेऊन देवळाकडे निघाल्या होत्या. मी सृष्टीचा हात धरून तिला परत आणलं. सासूबाई थांबल्या नाहीत. मी पोरीला आतल्या खोलीत धान्याच्या कोठीच्या आडोशाला बसवलं आणि शंभरपर्यंत आकडे म्हणायला लावले, तेही तुमच्या कागदात होतं. ती एकोणतीसपर्यंत आली होती. पत्रा उचलला आणि वरचा दगड खाली आला. सासूबाईंना काही झालं नाही.'

तिचं मागणं पुढे होतं, पण त्याआधी मी काय केलं ते सांगायला हवं.

पत्र येण्याआधीच ती बातमी पेपरात आली होती, आतल्या पानावर, दोन इंच. मी सोमनाथला फोन केला आणि सातवी सूचना बदलायला हवी असं म्हणालो. तो म्हणाला, "बदला ना सर. पण गाजावाजा नको. देणगीदार आहेत, उगाच कोणी विचारेल." मी बदलली. 'पत्र्याच्या घरात थांबू नका. मुलांना घेऊन जवळच्या पक्क्या इमारतीत जा.' नवी पत्रकं छापली. संस्थेची मुलं गावोगाव जाऊन नवी देऊन जुनी परत घेऊन आली. माझ्या घरी जुन्यांचा एक गठ्ठा होता, तो मी स्वतः रद्दीवाल्याला दिला. एकही प्रत ठेवली नाही. तेव्हा मला वाटलं होतं, मी चूक दुरुस्त केली.

सविताच्या गावात नवी पत्रकं सृष्टीच्या तेराव्यानंतर आठवड्याने पोहोचली. गावातल्या कोणीतरी तो कागद मोठ्याने वाचला. कागदात तर स्पष्ट लिहिलं होतं, घरात थांबू नका. जुने कागद परत गेले होते, आणि सविताने तेव्हा काय वाचून दाखवलं होतं ते कोणाला आठवत नव्हतं. मग ही बाई पोरीला देवळाच्या वाटेवरून ओढून घरात का घेऊन गेली?

सविताला मूल नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. गावाला उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही.

'माझा कागद भिंतीला लावला होता, तो भिंतीबरोबर गेला,' तिने लिहिलं होतं. 'तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की पहिल्या कागदात ती ओळ होती. सही करा. जाऊबाई मला पोरीची खुनी म्हणते. मालक काही बोलत नाहीत. बाकी माझं काही म्हणणं नाही, चूक कोणाची ते मी विचारत नाही.'

मी उत्तर लिहायला बसलो. खरंच बसलो. पहिल्या दिवशी मायना अडला, 'सौ.' लिहावं की 'श्रीमती', की 'स.न.वि.वि.' पुरे. दुसऱ्या दिवशी सोमनाथला विचारलं. "लेखी काही देऊ नका," एवढंच म्हणाला. मग मी म्हटलं, पावसाळा संपू दे. असे बरेच पावसाळे संपवले.

मे २०२५ मध्ये पत्रकाची पाचवी आवृत्ती निघाली. सोमनाथने माझा सत्कार ठरवला, आणि नेमका त्याच गावात. "तिथे दुर्घटना झाली होती ना सर, तिथल्या लोकांना फार पटतं," तो गाडीत म्हणाला. मी नकार देऊ शकलो असतो. नकार द्यायला मला नेहमीच दोन दिवस लागतात, आणि त्याने आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं.

कार्यक्रम मारुतीच्या सभामंडपात होता. शंभर-सव्वाशे माणसं, पुढे बायका, मागे पुरुष. मला शाल दिली, नारळ दिला. सोमनाथ बोलला. माझ्या बारा ओळींनी किती जीव वाचवले, ते त्याने सांगितलं. आकडाही सांगितला. तो कुठून आला हे मला माहीत नाही. खांबाजवळ पाण्याच्या पिंपाशी एक बाई स्टीलचे पेले विसळत होती. तिच्या आजूबाजूला चार हात जागा मोकळी होती, एवढ्या गर्दीत.

मागून एक माणूस उभा राहिला. यादव त्याचं नाव. हसऱ्या तोंडाचा, गावात बोलण्याबद्दल प्रसिद्ध असावा, कारण तो उभा राहताच लोक आधीच हसायला लागले.

"सर, एक इचारू का? तुमी एवढे शिकलेले, म्हणून इचारतो. आमच्या गावात एक मास्तरीण हाय. ती म्हणती, पयल्या कागदात 'घरात बसा' असंच छापलेलं व्हतं. आमी तिला सात नंबर म्हणतो. ए सात नंबर, ये की पुढं!"

सगळे वळले. पिंपाजवळच्या बाईने पेला खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि पुढे आली. तेव्हा मला कळलं की ही सविता. मी तिला तरुण समजत होतो. पस्तिशीच्या आतलीच असेल, पण केस पांढरे झाले होते.

"मी काय मास्तरीण नाय," ती म्हणाली. "सर, तुमीच सांगा. तुमी लिवलंय."

पुढच्या रांगेत एक म्हातारी होती, आणि तिच्याजवळ एक काळीसावळी बाई, ओठ दाबून बसलेली. म्हातारी कुसाबाई, सविताची सासू. शेजारची मीना, सृष्टीची आई. ही नावं मला सरपंचांनी कानात सांगितली, आणि वर म्हणाले, "बोला सर, एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ द्या."

सोमनाथ माझ्याकडे बघत नव्हता. तो नारळाच्या शेंडीशी खेळत होता.

मला एवढंच म्हणायचं होतं, होय, होती. मला माझा आवाज कसा येईल ते ऐकू येत होतं, आणि त्यानंतर येणारी शांतताही. त्या बाईचे, मीनाचे, डोळे मी पाहिले आणि मी घाबरलो. तिच्या मुलीला मारणारा मी आहे हे तिला माझ्या तोंडून कळणार होतं, आणि मी चार फुटांवर शाल पांघरून बसलो होतो.

"तसं काही नव्हतं," मी म्हणालो. "पहिल्यापासून हेच आहे."

कोणी ओरडलं नाही. यादव म्हणाला, "घ्या! मालकानंच सांगितलं. मिटला विषय." काही जण हसले. कुसाबाई म्हणाली, "मला ठावं व्हतं. माझ्या हातातनं वढून न्हेली तिनं." सविता माझ्याकडे बघत उभी होती. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं, पुढची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

तेवढ्यात सगळे फोन एकदम वाजायला लागले. इशारा आला होता. येवला परिसरात पुढच्या तासात सोसाट्याचा वारा, विजा, गारा. आकाश दक्षिणेकडून आधीच काळं होत आलं होतं. रस्त्यावरचे लोक पळत मंडपात आले. कोणी बैलं सोडली, कोणी कांद्याच्या चाळीवर ताडपत्री ओढून आले. सगळे आत दाटीने उभे राहिले. सविताही खांबाला टेकली.

मीना पहिल्यांदाच बोलली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"तू हितं का? तुझ्या कागदात तर घरात बसा म्हनून लिवलंय. जा की. बस जाऊन कोठीच्या आडोशाला."

माझा शब्द तीन वर्षांनंतर त्या बाईच्या तोंडून आला.

"जा ग सात नंबर," मागून कोणी म्हणालं. "शंभर म्हन!"

सविताने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. हिरामण ट्रॅक्टरची किल्ली हातात घेऊन उभा होता. तो किल्लीकडे बघत राहिला. मग ती मंडपाच्या पायऱ्या उतरली आणि वाऱ्यात चालत गेली. घर समोरच, शंभर पावलांवर. पत्र्यावर दगड होते, मी मोजले नाहीत. दार आतून लागलं.

मी उभा राहिलो होतो. आठवतं, उभा राहिलो होतो. पण सोमनाथने माईक माझ्या हातात दिला. "सर, आता खरी वेळ आहे. घ्या ना प्रात्यक्षिक. श्वास आणि मोजणी." लोक खरोखरच घाबरले होते, पोरं रडत होती. पत्रे वाजायला लागले होते. मला वाटलं, माईकवरून खरं सांगता येईल. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "एक."

"एक," लोक म्हणाले.

मी शंभरपर्यंत मोजलं. सावकाश, पत्रकात आहे तसं, दर आकड्याला एक श्वास. पोरं खरंच शांत झाली. वाऱ्याने धुळीची भिंत उभी केली, समोरचं घर दिसेनासं झालं. एकोणतीसला मी थांबलो. लोकांनीच तीस म्हटलं. कुठेतरी पत्रा सुटून फरफटत गेल्याचा आवाज आला, मग गारा, मग नुसता पाऊस. शंभर झाल्यावर सोमनाथने टाळ्या वाजवल्या आणि लोकांनीही वाजवल्या.

शेजारच्या घराचे दोन पत्रे गेले होते. सविताच्या घराचा एकही हलला नव्हता. दार उघडून ती बाहेर आली, कोरडी, धडधाकट.

मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. मग कुसाबाई मोठ्याने म्हणाली, "बगा. हिला काय सुदीक झालं नाय. लेकरालाच कसं झालं मंग?" आणि मला समजलं की सविता मेली असती तरच त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला असता. कदाचित तेव्हाही नाही.

चहा तिनेच आणून दिला. गाव सामान आवरण्यात गुंतलं होतं, आम्ही दोघेच खांबापाशी होतो. मला वाटलं, ती मला शिव्या देईल. माझी तयारी होती, खरं तर मला त्या हव्या होत्या.

"सर, मी पत्र धाडलं व्हतं. पोचलं का?"

"नाही," मी म्हणालो. "पत्ता चुकला असेल."

"हां. चुकला आसंल." तिने माझा रिकामा कप घेतला. मग खाली बघत, कोणाला तरी वेगळंच काही विचारावं तसं म्हणाली, "मला लय दिवस वाटायचं, सातवीच वळ व्हती. डोळं मिटलं तरी दिसायची. पर तुमी म्हनता नव्हती. तुमीच लिवलंय म्हनल्यावर... मग मीच मनानं म्हनले आसंन. व्हय ना? पोरीला मीच वढलं, कागदात नसताना. मंग लोक म्हनतेत ते खरंच आसंल. माझ्या मनात आसंल तसं."

मी शालीची घडी घातली. ती पेले विसळायला गेली.

परतीच्या वाटेवर सोमनाथ खुशीत होता. "काय मोजणी घेतलीत सर! पुढच्या महिन्यात सिन्नरला हाच कार्यक्रम ठेवू." नंतर वायपरचा वेग वाढवला, आणि म्हणाला, "ते बरं केलंत. मेलेल्या मुलीला काय फरक पडतो?"

"सविताला पडतो," मी म्हणालो.

"तिला सवय झाली असेल हो एव्हाना."

आयुष्यभर मला कशाचीच खात्री वाटलेली नाही. एखादा शब्द मीच बरोबर लिहिला असला तरी चार वेळा कोश उघडतो. त्या बाईला मात्र खात्री होती. तीन वर्षं सगळं गाव एका बाजूला आणि ती एका बाजूला, तरी तिला ती ओळ दिसत होती. ती मी एका वाक्यात काढून घेतली. दगडाने मूल मारलं, ती माझ्या अज्ञानाची गोष्ट होती, असं म्हणता येईल. हे मी जाणूनबुजून केलं होतं. उद्या तिने स्वतःच गावासमोर कबूल केलं असतं, होय, मीच मनाने केलं, तर ते खोटं कायमचं खरं झालं असतं. जुनी प्रत कुठेच उरली नव्हती. ती ओळ आता जगात फक्त दोन डोक्यांत होती, आणि त्यांतलं एक विसरायला लागलं होतं.

घरी आलो तेव्हा सहा वाजले होते. मी लिहायला बसलो. पहिलं पत्र चार पानांचं झालं. त्यात मी स्वतःबद्दलच फार लिहिलं होतं, माझा स्वभाव, संकोच, ती इंग्रजी पुस्तिका. वाचलं आणि लाज वाटली. त्या बाईने मला सांभाळून घ्यावं असं ते पत्र होतं. फाडलं. दुसऱ्यात क्षमा मागितली होती, तेही फाडलं. तिला माझी माफी नको होती, सही हवी होती.

आणि पाकीट काय कामाचं? पाकीट ती एकटी फोडेल, एकटी वाचेल. दाखवायला गेली तर म्हणतील, हिनेच कोणाकडून लिहून आणलं. पोस्टकार्ड मात्र उघडं जातं. पोस्टमन वाचेल, तो वाटेत यादवला सांगेल, यादव सगळ्यांना सांगेल. ते तिच्या हातात पडायच्या आधी गावाला पाठ झालेलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टात गेलो. खिडकीतली मुलगी म्हणाली, "कार्ड? काका, किती वर्षांनी कोणी मागतंय," आणि खण शोधून एक काढून दिलं. तिथल्याच बाकावर बसून लिहिलं. जागा कमी होती, त्यामुळे विशेषणं बसली नाहीत.

'सविताताई,
मार्च २०२२ च्या पत्रकातली सातवी सूचना अशी होती: वाऱ्याचा भोवरा दिसला तर बाहेर पळू नका. शांत राहा. मुलांना घराच्या सर्वांत आतल्या खोलीत, जड सामानाच्या आडोशाला बसवा. ती मी लिहिली. तुम्ही ती होती तशीच वाचली आणि पाळली. तुम्हाला बरोबर आठवतं. सृष्टी गेल्यावर मी ती ओळ बदलली आणि जुने कागद नष्ट केले. तुमचं पत्र मला १४ जून २०२२ ला मिळालं होतं. परवा तुमच्या गावात मी दोनदा खोटं बोललो, एकदा सर्वांसमोर आणि एकदा तुमच्याशी. मुलीच्या आईला काही विचारायचं असेल तर तिने मला विचारावं. पत्ता खाली आहे.
भालचंद्र गर्गे'

'परवा' खोडून 'काल' केलं. मग तेही खोडलं आणि तारीख घातली, १६ मे. सही केली. पत्ता पूर्ण लिहिला, मजल्यासकट.

पेटीपाशी एक गृहस्थ माझ्यामागे उभे होते, त्यांच्या हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. "होऊ द्या काका, सावकाश," ते म्हणाले. कार्डाची लिहिलेली बाजू वर होती, आणि ते वाचत होते. मी हात आडवा धरला नाही. त्यांचं वाचून होईपर्यंत थांबलो आणि कार्ड पेटीत टाकलं.